साहित्याची यादी

वेळ अमावास्या होऊन महिना लोटला होता. तुरीच्या राशी उरकल्या होत्या, घरोघरच्या अंगणांत तुराट्यांचे भारे येऊन पडले होते आणि शाळूचा हुरडा सरत आला होता. अशा दिवसांत आमचे खजुरीस जाणे झाले. खजुरी हे आळंद तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातला हा मुलूख कानडी प्रांताकडे गेला आणि शेजारचे उमरगे मुंबई राज्यात गेले. तेव्हापासून इकडच्या कित्येक घरांत आजी मराठीत रागावते, सरकारी कागद कानडीत येतो आणि दुकानदार दोन्ही भाषांत उधारी मागतो.

दुपारच्या वेळी आम्ही एका घरी टेकलो. घरात आजी, तिची सून, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. मुलांचा बाप पुण्यास बांधकामावर. शाळेचा दिवस असून मुलगा उंबऱ्यावर बसलेला पाहून आम्ही सहज विचारले, "काय रे, आज शाळा नाही वाटते?" मुलाने मान खाली घातली. उत्तर आजीने दिले, "तीन दिस झाले, फादर. पोट दुखतंय म्हणतोय. जेवताना मातर दुखत न्हाई."

अशा पोटदुखीचे मूळ बहुधा दप्तरात सापडते, हा आमचा अनुभव आहे. दप्तर उघडले, तो एक चिठ्ठी निघाली. थर्माकोलचा मोठा तक्ता एक, चकाकीचे कागद चार रंगांचे, गोंदाची बाटली, आइस्क्रीमच्या काड्यांचे पाकीट, मण्यांचे पाकीट, रंगपेटी. खाली लिहिले होते की या साहित्यातून प्रत्येकाने घरी नमुना तयार करून सोमवारी आणावा. नमुन्याचा विषय होता 'आमचे गाव'.

वाचकहो, ती चिठ्ठी आम्ही दोनदा वाचली. विषय गावाचा होता. परंतु यादीत गावातली एकही वस्तू नव्हती.

मुलाने आपल्या परीने खटपट केली होती. गावातल्या दुकानी चकाकीचा कागद मिळाला, तोही एकाच रंगाचा. बाकीच्या वस्तूंसाठी आळंदला जा किंवा उमरग्याला जा, असे दुकानदाराने सांगितले. आळंदच्या सरकारी गाडीत आईला तिकीट पडले नसते, कारण 11 जून 2023 पासून कर्नाटकात स्त्रियांस साध्या सरकारी गाड्यांतून फुकट प्रवासाची सोय झाली आहे. तथापि गाडी फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. एक दिवस आळंदला जायचे म्हणजे एक रोजगार बुडवायचा, आणि वर यादीतल्या वस्तूंचे पैसे मोजायचे. मुलाला हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. तो त्याने स्वतःच केला, आणि पोट दुखते असे सांगितले.

आम्ही खिशात हात घातला. आजीने तो तिथेच थांबवला. म्हणाली, "पैसे नगा देऊ, फादर. आज तुमी देताल. पुढल्या महिन्याला मास्तर दुसरी चिठ्ठी देतील, तवा तुमी कुटं असताल?" हात बाहेर काढावा लागला, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही मनातून ओशाळलो.

यादीतल्या पहिल्याच वस्तूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. 1 जुलै 2022 पासून साऱ्या देशात ज्या एकदाच वापरून टाकण्याच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचा थर्माकोलही आहे. तो कुजत नाही. त्याचे दाणे वाऱ्याने शेतात, नाल्यात जातात. चुलीत घातला तर काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो आणि तो धूर आरोग्यास अपायकारक असतो. असे असूनही आडबाजूच्या दुकानांत तो विकला जातो आणि याद्यांतून मागितलाही जातो. पण दोष शाळेलाच का द्यावा? दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्याचे छप्पर आम्ही स्वतः थर्माकोलचे केले होते. 1223 साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्यो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणवले होते. आमच्या दाराशी कडब्याची गंज उभी असता आम्ही पांढरा फेस विकत आणला! छप्पर फार सुबक दिसते म्हणून लोकांनी वाखाणले, हे त्याहून वाईट.

आजीच्या त्या बोलण्याने आम्हांस ताराबाई मोडक आठवल्या. ताराबाईंनी (1892–1973) भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले, आणि मॉन्टेसोरी पद्धती ज्यांनी आपल्याकडे रुजवली त्यांत त्या अग्रभागी होत्या. त्या पद्धतीची साधने मोठी देखणी असतात. घोटीव लाकडाची, मापात बसवलेली, आणि त्यामुळे महाग. 1945 साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी खेड्यातल्या मुलांसाठी काम करावयास गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. खेड्यात ती साधने आणावयाची कोठून, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला असला पाहिजे. त्यांनी साधने शहरातून मागवण्याचा हट्ट धरला नाही. समुद्राचे शिंपले, नदीचे गोटे, बिया, पाने, काटक्या यांतूनच मोजणे, लावणे, जुळवणे, रंग ओळखणे हे सारे शिकवता येते, असे त्यांनी करून दाखवले. पुढे 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शाळाच रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आज देशभर ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो, त्या कल्पनेचा उगमही ताराबाईंच्याच कामात आहे.

तेव्हा आम्ही मुलाला सांगितले की यादी बाजूला ठेव. यातले कोठे काय मिळेल हे विचारायचे नाही. गावात काय पडले आहे ते पाहायचे, आणि त्यातून गावच उभे करायचे. मुलगा अविश्वासाने आमच्याकडे पाहू लागला. त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र हे तत्काळ पटले. ती टोपली घेऊन बाहेर पडलीसुद्धा.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे गावभर हिंडलो. तुराट्या अंगणातच होत्या. जळणाच्या म्हणून त्यांना कोणी मान देत नाही. परंतु बोटाएवढ्या जाडीची सरळ तुराटी म्हणजे तयार खांब आहे आणि बारीक फांद्या म्हणजे तयार कूड. शेजारच्या गंजीतून मागच्या वर्षीच्या ज्वारीची चार धाटे मागून घेतली. धाटाची वरची साल सोलली की ती पट्टीसारखी वाकते, आणि आतले भेंड इतके मऊ असते की त्यात काटा सहज रुततो. ओढ्याकाठच्या बाभळीखाली पांढरे लांब काटे वेचले. खिळे विकत घ्यावे लागले नाहीत. त्याच बाभळीच्या खोडावर जुन्या घावाशी डिंकाचे चार खडे सापडले. डिंक उन्हाळ्याच्या तोंडाशी अधिक सुटतो, म्हणून चारांवर समाधान मानले. ते कुटून रात्रभर थोड्याशा पाण्यात भिजत घातले, आणि सकाळी फडक्यातून गाळले तेव्हा वाटीभर गोंद तयार झाला. कागदाला तो पुरतो. लाकडाला लाकूड चिकटवण्यास मात्र तो तितकासा कामाचा नाही, हे आम्हांस एक भिंत पडल्यावर कळले.

चाकांचा प्रश्न अवघड होता. भोपळ्याची चकती सुकून वाकडी झाली असती. मुलाने भेंडाच्या चकत्या करून पाहिल्या, त्या चुरगळल्या. तोच मुलगी उकिरड्याकडून एक तुटकी रबरी स्लिपर घेऊन आली. मोठ्यांची नजर माणसाच्या उंचीवर हिंडते. सहा वर्षांच्या मुलीची जमिनीवर असते, आणि शोधाच्या कामी तीच उपयोगी पडते. आजीची बांगडी ठेवून स्लिपरवर वर्तुळे काढली, आणि विळीवर आजीने ती कापून दिली. दोन चाके झाली, आणि उरलेल्या पट्टीतून दोन छोटे खोडरबरही निघाले. स्लिपर आधी राखेने घासून धुतली होती, हे सांगितलेले बरे.

गाडीचा साटा करताना एक मौज झाली. चार तुराट्यांचा चौकोन बांधला. दाभण तापवून भोके पाडली, कारण काटा सरळ ठोकला तर तुराटी चिरते. हे तापत्या दाभणाचे काम आम्ही मुलाच्या हाती दिले नाही. चौकोन झाला, पण उचलला की तो कलंडून पतंगासारखा होई. मुलाने आणखी दोरा गुंडाळला, आणखी काटे लावले, तरी तो डुलतच राहिला. आम्ही मुद्दाम गप्प बसलो. अर्ध्या तासाने त्याने चिडून एक काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी बांधली, आणि चौकोन हलेना. त्याने तो तीनदा हलवून पाहिला. मग धावत जाऊन आजीला दाखवला.

हीच गोष्ट सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने आणि आगपेटीच्या काड्यांनी अरविंद गुप्ता यांनी हजारो मुलांना दाखवली आहे. ते कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले आणि पुण्यास टेल्कोत नोकरीस होते. 1978 साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम 1972 साली 16 माध्यमिक शाळांत सुरू झाला होता. आठवडी बाजारात हिंडताना मिळेल त्या स्वस्त वस्तूंतून त्यांनी खेळणी बनवली. नळीचा बोटभर तुकडा घ्यावा आणि दोन्ही टोकांत काडी खुपसावी, की सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन हलतो. घराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलाला मग सांगावे लागत नाही. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवले, आणि 2018 साली त्यांस पद्मश्री मिळाली. खजुरीत आम्हीही सायकलवाल्याकडे गेलो. त्याने जुन्या नळीचा हातभर तुकडा आणि एक मोडका स्पोक दिला, आणि पैसे विचारता हसला. स्पोकचा आख झाला.

आख हा शब्द मुलाला ठाऊक नव्हता. घरची बैलगाडी मोडून वीस वर्षे झाली. तो वाढला तो ट्रॅक्टरच्या आवाजात. आजी ओट्यावर बसून एकेक नाव सांगू लागली : जू, शिवळ, दांडी, साटा, आख, आरे, धाव. तिला कानडी नावेही येत होती, आणि मधूनमधून कोणता शब्द कोणत्या भाषेतला, याविषयी सुनेशी तिचा वाद होत होता. शोध काड्यांचा चालला होता आणि पिशवीत शब्दही पडत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या बोलण्यात तिचा नवरा आला, त्याचे बैल आले, आणि पुण्याला गेलेला मुलगा लहानपणी भेंडाचे बैल करी तेही आले. सून हे प्रथमच ऐकत असावी, कारण तिने हातातले सूप खाली ठेवले.

बैलांच्या बाबतीत पहिला प्रयत्न पुरता फसला. इकडची काळी माती शेताला राणी, पण मूर्तीला लबाड. ओली असता ती फुगते आणि वाळताना आकसते. संध्याकाळी केलेले दोन बैल सकाळी उन्हात ठेवले, तो दुपारपर्यंत पाठीला भेगा पडून एकाची मान गळाली. आजी म्हणाली, "कोरी माती घेतल्यावर फुटणारच की." मग तिने रीत सांगितली. तळ्याकाठची गाळाची माती आणावी, कुटून चाळावी, तीत चुलीची चाळलेली राख आणि बारीक भुसा मिसळावा, चपातीच्या कणकेसारखी मळून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवावी. बैल करून झाले की ते सावलीत वाळवावे, उन्हात कधीच नाही. राख आणि भुसा यांमुळे माती कमी आकसते आणि आतले पाणी हळूहळू निघून जाते. या भागात कारहुणवीनंतरच्या अमावास्येला मातीचे बैल करण्याची चाल आहे, तिला कानडीत मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. त्यामुळे ही विद्या घराघरांतून होती. आता बैल बाजारात रंगवलेले मिळतात. येथून फार दूर नसलेल्या तेर गावी लामतुरे संग्रहालय आहे. तेथे सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती ठेवल्या आहेत. एवढ्या शतकांनंतरही त्या शाबूत आहेत, त्या अर्थी तेव्हाच्या कारागिरांना भेगांचे औषध ठाऊक असणार.

रंगांचे काम मुलीने अंगावर घेतले. हळद पाण्यात कालवली की पिवळा मिळतो. तीत चिमूटभर चुना पडला की लाल होतो. कुंकू पूर्वी याच युक्तीने करीत. हा रंग उन्हात विटतो, म्हणून नमुना ओसरीतच ठेवावा. कंदिलाची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटली की काळा, खडू कुटला की पांढरा. हिरव्यासाठी तिने मेथीची पाने चुरली, पण दोन तासांत तो रंग चहासारखा झाला. निळा तर कोठेच मिळाला नाही. तिला विहिरीतले पाणी निळेच हवे होते. शेवटी तिने दुकानातून कपड्यांना घालायची निळीची लहान पुडी आणली. तिच्यापुढे आमचा घरगुती साहित्याचा हट्ट टिकला नाही, आणि ते योग्यच झाले. दोरा, सुई, थोडीशी नीळ या गोष्टी खेड्यातही विकतच घ्याव्या लागतात.

येथे आईबापांस दोन शब्द सांगतो. रानातले सगळे निरुपद्रवी नसते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना फार आवडतात, परंतु चावून गिळल्यास त्या प्राणघातक ठरू शकतात. लहान मूल घरात असेल तर त्या आणूच नयेत. धोतऱ्याच्या फळाला हात लावू देऊ नये. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. बाभळीचा काटा रुतला तर जखम साबणाने धुवावी, आणि मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण झाले आहे की नाही ते आधीच पाहून ठेवावे. कणकेची खळ टिकावी म्हणून काही जण तीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या कामात नको. खळ रोज ताजी करावी, तिला खर्च तो किती?

हे सारे करताना आम्हांस बिदरची वाट आठवत होती. तेथील बिदरी भांडी कोणाला ठाऊक नाहीत? जस्तात थोडे तांबे मिसळून, साधारण सोळास एक या प्रमाणात, भांडे ओततात आणि त्यावर चांदीची तार ठोकून नक्षी बसवतात. भांडे तोवर राखाडीच असते. त्याला तो गडद काळा रंग चढतो तो बिदरच्या किल्ल्यातील जुन्या भागातल्या मातीने. नवसागर आणि ती माती यांच्या पाण्यात भांडे घातले की धातू काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर म्हणे ती माती जिभेवर ठेवून पारखतात. 2006 साली या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2023 साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री. चांदी कोठूनही आणता येते. ती माती दुकानात मिळत नाही, ती जाऊन शोधावी लागते.

रविवारी संध्याकाळी नमुना पुरा झाला. खालचा तळ म्हणून धान्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचे झाकण घेतले. त्यावर तुराट्यांच्या कुडाचे घर, कडब्याचे छप्पर, निळ्या पाण्याची विहीर, स्लिपरच्या चाकांची गाडी आणि दोन बैल. त्यांतल्या एकाचे शिंग मुलीने पुन्हा बसवले होते, आणि ते थोडे पुढे झुकलेलेच राहिले. घर सरळ उभे नव्हते. आमच्या हाताने ते सरळ करण्याचा मोह आम्हांस दोनदा झाला. दुसऱ्या वेळी मुलानेच आमचा हात बाजूला केला.

सोमवारी तो शाळेत गेला, पोट न दुखता. आम्ही त्या दिवशी दुपारी निघणार होतो, पण मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. वर्गात थर्माकोलची सहा घरे आली होती असे त्याने सांगितले, आणि कित्येक मुले रिकाम्या हातानेच आली होती. तीही उभी राहिली असती. परंतु मास्तरांनी याची गाडी टेबलावर ठेवून ती पुढेमागे चालवून पाहिली, आणि मग उभे करण्याचे राहून गेले. मास्तर वाईट गृहस्थ नसावेत. यादी त्यांनी कोठूनतरी जशीच्या तशी उतरवून घेतली असावी. त्यांनी मुलाला विचारले की हे साहित्य आणलेस कोठून, आणि त्याने सांगितलेले फळ्यावर लिहून घेतले. ज्यांचे नमुने झाले नव्हते त्यांना आणखी आठ दिवस मिळाले.

फळ्यावरची ती नवी यादी मुलाने वहीत उतरवून आणली होती. तुराट्या दहा. ज्वारीचे धाट दोन. बाभळीचे काटे मूठभर. गाळाची माती, राख. तुटकी स्लिपर, एका पायाची. शेवटच्या ओळीत त्याने आपल्या मनाने भर घातली होती : आजी.

आजीला वाचता येत नव्हते. तिने नातीकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली, आणि चुलीकडे चहा ठेवावयास गेली.